टॅली, वजनकाटा आणि ई-इन्व्हॉइस जोडायचंय: नायफायसाठी मशीन केवढं लागेल? (बुटीबोरी)

बुटीबोरीकर
नमस्कार मंडळी. बुटीबोरी एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात आयटी पाहतो. आयटी म्हणजे प्रिंटरच्या कार्ट्रिजपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. गेटवरचा वजनकाटा, ऑफिसातली टॅलीप्राइम आणि ई-इन्व्हॉइस, या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. काट्याची पावती घेऊन पोरगा ऑफिसात येतो, तिथे ती टॅलीत चढते, मग तेच आकडे पोर्टलवर पुन्हा टाईप होतात. मार्चमध्ये गाड्यांची रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत जाते.

मालकांना हे सगळं आपोआप व्हायला पाहिजे. एका विक्रेत्यानं कोटेशन दिलं, त्यात ६४ जीबी रॅमचा सर्व्हर, आणि तोही जोडीनं, म्हणजे दोन. मालक म्हणाले, नवीन सर्व्हरचं दिवाळीनंतर बोलू. इकडे मी अपाची नायफाय (एका सॉफ्टवेअरमधला डेटा उचलून दुसऱ्यात पोचवणारं फुकट सॉफ्टवेअर) माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर टाकून पाहिलं तर मस्त चाललं. मग खरं कोणाचं मानायचं?

हाताशी आहे ते असं: जुना टॉवर सर्व्हर, झिऑन ई५-२६२० व्ही२, १६ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क (सीसीटीव्हीचा बॅकअपही तिच्यावरच पडतो), विंडोज सर्व्हर २०१२ आर२. दिवसाला दीडशेच्या आसपास गाड्या, मार्चमध्ये दुप्पट धरा. कोणी असं करून राहिलं असेल तर सांगा.

तर्रीपोहे
खुर्ची टाकून बसलो. मामा येतीलच आता.

सर्व्हरमामा
आलो. आधी रॅमचा विषय संपवून टाकू, कारण तो सगळ्यात सोपा आहे. तीनशे गाड्या म्हणजे तीनशे छोटे रेकॉर्ड. एकेक दहा केबीचा धरला तरी दिवसाचे तीन एमबी होतात. व्हॉट्सअॅपवर सकाळी येणारे गुड मॉर्निंगचे फोटो याहून जड असतात. १६ जीबी तुम्हाला रगड झाली. नायफायला ४ जीबी हीप, म्हणजे जावानं वापरायची मेमरी, द्या (बूटस्ट्रॅप.कॉन्फ फाइलीत एक्सएमएस आणि एक्सएमएक्स या दोन ओळी आहेत), बाकी ऑपरेटिंग सिस्टिमसाठी सोडा. विक्रेत्याचा कागद बँकेसाठी केलेला असावा, नाव बदलून तुम्हाला पाठवला. दोन सर्व्हरची जोडी तर विसराच. एक बंद पडला तर तुमचा पोरगा पावती घेऊन ऑफिसात जाईल, जसा आज जातो तसा.

खरी अट पुढे आहे. नायफाय २ ला जावा २१ लागतं. त्याखाली ते सुरूच होत नाही. लॅपटॉपवर ते चाललं कारण तिथे विंडोज नवीन आहे. सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. त्यावर जावा २१ ओढूनताणून बसवता येईलही, पण ज्या मशीनला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत त्यावर जीएसटीचे पासवर्ड ठेवणार का? मी तरी ठेवणार नाही.

म्हणून लिनक्स टाका. इथे मात्र थांबून प्रोसेसर बघा. रेड हॅट १० हे लिनक्स आणि त्याच्या पठडीतली रॉकी १० यांना एव्हीएक्स२ (प्रोसेसरमधल्या सूचनांचा एक नवा संच) असलेला प्रोसेसर लागतो. तुमचा व्ही२ म्हणजे आयव्ही ब्रिज पिढीचा, त्यात एव्हीएक्स आहे, एव्हीएक्स२ नाही. तो आला पुढच्या हॅसवेलमध्ये. तेव्हा त्याच पठडीतलं अल्मा ९ किंवा रॉकी ९ घ्या, गुमान चालेल. (अल्मानं १० मध्ये जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी आवृत्ती काढली आहे, पण विनाकारण वाकडी वाट कशाला?) सेंटओएस ७ ची सीडी कोणी प्रेमानं देऊ लागलं तर हात जोडा, ती ३० जून २०२४ ला संपली.

आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकणार असाल तर एक गंमत आहे. प्रोसेसर चांगला असूनही अल्मा ९ बूट होतानाच पडतं आणि पडद्यावर ओळ येते, ‘फेटल जीलिबसी एरर: सीपीयू डज नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२’. लोक मदरबोर्ड बदलायला निघतात. प्रॉक्समॉक्सच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) जुन्या आवृत्त्यांत व्हीएमचा प्रोसेसर केव्हीएम६४ म्हणून दिलेला असतो, म्हणजे खरा प्रोसेसर आतल्या मशीनला दिसतच नाही. तिथे ‘होस्ट’ निवडा की झालं.

जावा कुठलं घ्यायचं हा प्रश्न येईलच. टेमुरिन किंवा कोरेटो घ्या, फुकट आहेत. ओरॅकलच्या जावाचं लायसन्स २०२३ पासून कंपनीच्या एकूण माणसांवर मोजतात. कोण वापरतो याच्याशी त्याचा संबंध नाही. वेल्डरसुद्धा मोजला जाईल.

पायथनप्रेमी
तीन टोकं जोडायला एवढा हत्ती कशाला बांधता दारी? दोनशे ओळींचं पायथन, क्रॉनमध्ये दर पाच मिनिटांनी. २ जीबी रॅमच्या मशीनवर चालेल.

सर्व्हरमामा
चालेल ना. आणि तीनच टोकं कायम राहणार असतील तर मी पण स्क्रिप्टच म्हणेन. पण ती स्क्रिप्ट ज्यानं लिहिली तो पुण्याला गेला की काय होतं ते मी परसोडीच्या आयटी पार्कात बसून पुष्कळदा पाहिलंय. समोरचं सॉफ्टवेअर दोन तास बंद असेल तर मधला माल कुठे साठवायचा, पुन्हा कधी पाठवायचा, ‘१४ तारखेच्या त्या गाडीचं काय झालं’ या प्रश्नाला उत्तर कुठून द्यायचं, हे सगळं स्क्रिप्टमध्ये हळूहळू लिहावं लागतं. नायफायमध्ये ते मुळातच आहे. रांगेत दहा हजार नग किंवा एक जीबी झाला की मागचा टप्पा आपोआप थांबतो, आणि प्रत्येक नगाचा प्रवास प्रॉव्हेनन्समध्ये उघडून बघता येतो. मालकाला स्क्रीनवर दाखवता येतं, हाही फायदा कमी नाही.

पायथनप्रेमी
प्रॉव्हेनन्सचा मुद्दा मान्य. पण मग टॅलेंड ओपन स्टुडिओ का नको? त्याला सर्व्हरच लागत नाही, जॉब बनवला की जार फाइल निघते.

सर्व्हरमामा
त्याची फुकट आवृत्ती ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाली. जुनी फाइल इंटरनेटवर सापडेल, पण नवीन काम त्यावर सुरू करू नका. तसंच मायक्रोसॉफ्टचं बिझटॉक, २०२० ही त्याची शेवटची आवृत्ती. आणि सॅपचं प्रोसेस ऑर्केस्ट्रेशन वापरणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही २०२७ ची तारीख आहे, पैसे भरले तर २०३०. टूल निवडताना किती रॅम लागते याच्या आधी ते किती वर्षं जगणार हे विचारावं.

काटेवाला
भाऊ, सगळे सर्व्हरचंच बोलून राहिले, काट्याकडे कोणी पाहूनच नाही राहिलं. मी नागपूर-भंडारा पट्ट्यात काटे बसवतो, सर्व्हिसिंग करतो. खरा घोळ तिथंच होते.

बुटीबोरीकर, आधी जाऊन पहा का काट्याचा डेटा कशात आहे. नवीन सॉफ्टवेअर असंल तर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस. जुनं असंल तर अॅक्सेसची एमडीबी फाइल. अॅक्सेस असंल तर जावावाल्यायले त्रास आहे, जावा ८ पासून ओडीबीसीचा जुना पूल काढून टाकला त्याइनं. यूकॅनअॅक्सेस नावाचा ड्रायव्हर भेटते, तो लावा लागंल.

एक्सप्रेस असंल तं बाहेरच्या मशीनवरून ते लागतच नाही. लोक मंग फायरवॉल बंद करतेत, केबल बदलतेत. अरे बावा, एक्सप्रेसमध्ये टीसीपी/आयपी बंदच येते कंपनीतून! कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये जाऊन चालू करा, डायनॅमिक पोर्टची जागा कोरी करा, खाली १४३३ टाका, सर्व्हिस रीस्टार्ट मारा. आन् काट्याच्या पीसीला फिक्स आयपी द्या, नाही तं राऊटर बंद पडून चालू झाला का पत्ता बदलते.

आता मोठी गोष्ट. गाडी काट्यावर दोनदा येते. रिकामी आली का एक ओळ तयार होते, तिच्यात निस्तं टेअर. भरून आली का *त्याच* ओळीत ग्रॉस आन् नेट चढते. तुमचं सॉफ्टवेअर ‘नवीन सिरियल नंबर आला का उचल’ असं करंल तं ते रिकामी गाडीच उचलंल. नेट वजन शून्याचं बिल!

सर्व्हरमामा
काटेवाले भाऊ, तुमच्यासारखा माणूस प्रत्येक प्रोजेक्टच्या पहिल्या मीटिंगला पाहिजे.

हे नायफायच्या भाषेत सांगतो. क्वेरीडेटाबेसटेबल नावाचा प्रोसेसर (इथे सीपीयू नव्हे, नायफायमधला एक टप्पा) एका कॉलमची सगळ्यात मोठी किंमत लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी त्यावरच्याच ओळी उचलतो. तिथे सगळे डोळे झाकून सिरियल नंबर टाकतात. तुम्ही दुसऱ्या वजनाच्या वेळेचा कॉलम टाका. तो कॉलम रिकामा असलेली ओळ येणारच नाही, अशी अट सोबत लिहा. ड्रायव्हरची जार फाइल वेगळी आणून ठेवावी लागते, ती नायफायच्या सोबत येत नाही.

लेजरताई
मी अकाउंट्सवाली, धरमपेठेत ऑफिस. तुमचं जावा-बिवा मला कळत नाही, पण टॅलीला बाहेरून डेटा पाठवण्याचा प्रकार आमच्याकडे रोज चालतो, म्हणून टॅलीचं सांगते.

टॅलीप्राइम पोर्ट ९००० वर एक्सएमएल घेते. एफ१, सेटिंग्ज, कनेक्टिव्हिटी, तिथे ती सर्व्हर म्हणून चालू करायची. पण ती मागे लपून चालणारी सर्व्हिस नाही. टॅली *उघडी* पाहिजे आणि त्यात कंपनी लोड झालेली पाहिजे. संध्याकाळी सहाला मी टॅली बंद करून पीसी शटडाउन केला की तुमचं नायफाय रात्रभर दार ठोठावत बसेल. रात्रपाळीला गाड्या निघत असतील तर टॅलीसाठी वेगळं मशीन ठेवा, तिथे कोणी टायपिंग करायचं नाही. रिमोटनं जाणाऱ्यानं साइन आउट करायचं नाही, नुसती रिमोटची खिडकी बंद करायची.

दुसरं. टॅलीनं व्हाउचर नाकारलं तरी ती २०० (म्हणजे ‘ठीक आहे’) असाच जबाब देते. म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हिरवं दिसतं आणि माझ्या डेबुकात काहीच नसतं. जबाबाच्या आतला एक्सएमएल उघडून बघावा लागतो, क्रिएटेड किती, अल्टर्ड किती, एरर्स किती. बहुतेक वेळा लाइनएररमध्ये लिहिलेलं असतं की लेजर नाही म्हणून. काट्यावरच्या पोरानं ‘श्री गणेश स्टील’ लिहिलं आणि माझ्याकडे ‘श्री गणेश स्टील्स’ आहे, झालं. पार्टीचं नाव काट्यावर टाईप करूच देऊ नका, यादीतून निवडायला लावा.

तिसरं, व्हाउचरला रिमोटआयडी द्या आणि त्यात चलन नंबर घाला. मग नेट गेलं आणि तेच व्हाउचर दुसऱ्यांदा आलं तर टॅली जुन्यावरच लिहिते, डबल होत नाही. हे नसलं की महिनाअखेरीला आमचा जीव जातो.

तर्रीपोहे
ताई, हे सगळं त्या ६४ जीबीच्या कोटेशनमध्ये होतं का हो? 😄

बुटीबोरीकर
नव्हतं ना! त्यात फक्त ‘टॅली कनेक्टर: समाविष्ट’ एवढीच ओळ होती.

ताई, खूप आभार. रात्रपाळी आहे आमच्याकडे, त्यामुळे टॅलीचं वेगळं मशीन लागणारच. काटेवाले भाऊ, काट्यावर एसक्यूएल एक्सप्रेसच निघालं. टीसीपी/आयपी बंदच होतं, तुम्ही म्हणाले तसं करून चालू झालं.

आता दोन अडचणी. काट्यावर ड्रायव्हरचं नाव आणि गावाचं नाव मराठीत टाकतात, ते माझ्या चाचणीत कुठे बरोबर येतं, कुठे नुसती प्रश्नचिन्हं. आणि रात्री निघालेल्या गाड्यांचं चलन आदल्या दिवसाच्या तारखेचं येऊन राहिलं.

सर्व्हरमामा
तारखेचं आधी. तुम्ही चाचणी लिनक्सवर केली असणार आणि मशीन यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, असणार. रात्री बारा ते साडेपाचच्या मधल्या सगळ्या गाड्या म्हणून मागच्या तारखेत जातात. टाइमडेटसीटीएलनं एशिया/कोलकाता करा आणि नायफाय रीस्टार्ट करा. ३१ मार्चच्या रात्री हे झालं असतं तर गाडी मागच्या आर्थिक वर्षात गेली असती.

प्रश्नचिन्हांची दोन कारणं असू शकतात. जावा १८ पासून मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे, त्यामुळे जावा २१ वर नायफायकडून घोळ व्हायची शक्यता कमी. तुम्ही काट्याच्या पीसीवरच एसक्यूएल उघडून ती ओळ बघा. तिथेच प्रश्नचिन्ह असेल तर कॉलम व्हारचार आहे, मराठी अक्षरं मावणारा एनव्हारचार नाही. अक्षर आत शिरतानाच मेलंय, पुढे कोणीही ते जिवंत करू शकत नाही. काट्याच्या सॉफ्टवेअरवाल्याकडून कॉलम बदलून घ्या.

काटेवाला
बदलून देतेत, पण त्यायले दोनदा फोन करा लागंल.

वर्धारोड
ई-इन्व्हॉइसबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असली की ते लागतंच. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि वर असणाऱ्यांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत नोंद करावी लागते, नंतर पोर्टल घेतच नाही. म्हणजे एखादा रेकॉर्ड रांगेत अडकून महिनाभर कोणाला दिसला नाही तर ते बिल कामातून गेलं. अडकलेल्या रांगेचा मेल रोज सकाळी तुम्हाला आला पाहिजे. मालकालाही टाका त्यात.

थेट एपीआय घेणार असाल, म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर सरळ पोर्टलला जोडणार असाल, तर स्टॅटिक आयपी लागतो, तो पोर्टलवर नोंदवावा लागतो. साध्या ब्रॉडबँडवर बऱ्याचदा अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात, तो चालत नाही. लीज लाइन नसेल तर इंटरनेटवाल्याकडून महिन्याचे जास्त पैसे देऊन स्टॅटिक आयपी घ्या. जीएसपीमार्फत (जीएसटीच्या मान्यताप्राप्त मध्यस्थ कंपनीमार्फत) गेलात तर ही कटकट त्यांच्याकडे जाते, दर बिलामागे पैसे मात्र द्यावे लागतात. तुमच्या आकड्यांना मी जीएसपीच म्हणेन.

आणि २१५० हा कोड आला तर घाबरू नका, त्याचा अर्थ या बिलाचा आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक) आधीच बनलाय. आयआरएन हा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि नंबर यांवरून निघतो, त्यामुळे दुसऱ्यांदा पाठवलं की हेच येणार. फ्लोमध्ये (नायफायमध्ये मांडलेल्या टप्प्यांच्या साखळीत) त्याला एरर न मानता जुना आयआरएन मागवून पुढे जा. रद्द करायचं असेल तर २४ तासांच्या आत.

हिंगणा_टी_पॉइंट
सर्व्हर ठेवलाय कुठे ते सांगा आधी. कारण आमच्याकडे एका ठिकाणी सर्व्हर रूममध्ये *कूलर* लावला होता. डेझर्ट कूलर! नवतपा लागला, बाहेर ४५, साहेब म्हणाले लावा कूलर. खोली थंड झाली खरी, पण आत इतकी दमट हवा की महिन्याभरात मेमरीच्या पट्ट्यांच्या कडा हिरव्या. कागदावरच्या सिस्टिम रिक्वायरमेंटमध्ये आत येणाऱ्या हवेचं तापमानही दिलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. १८ ते २७ अंश शिफारस आहे, साधे सर्व्हर साधारण ३५ पर्यंत सहन करतात. बुटीबोरीत मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ३५ सकाळी दहालाच होतात.

एसी लावा आणि तो वीज गेल्यावर आपोआप परत चालू होणारा घ्या. बरेच एसी तसे होत नाहीत. यूपीएसची यूएसबी केबल पण सर्व्हरला जोडा, नुसती खोक्यात ठेवू नका. बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतः नीट बंद झाला पाहिजे. जूनच्या पहिल्या वादळात कळेल.

बुटीबोरीकर
ऑफिसातच आहे, एसी आहे, पण रात्री बंद करतात. 😬 बोलतो मालकांशी.

अल्मा ९ टाकलं, टेमुरिन २१ टाकलं, नायफाय २ उघडून ठेवलं. सर्व्हरवर सुरू आहे असं लॉग म्हणतो, पण माझ्या पीसीवरून पान उघडत नाही. फायरवॉलमध्ये ८४४३ उघडलाय.

सर्व्हरमामा
अपेक्षितच आहे. ते मुळात १२७.०.०.१ वरच ऐकतं, म्हणजे फक्त स्वतःशी बोलतं. नायफाय.प्रॉपर्टीज फाइलीत एचटीटीपीएस होस्टच्या ओळीत सर्व्हरचं नाव टाका. *नाव* टाका, आयपी नको. आयपीनं उघडलं की ‘इनव्हॅलिड एसएनआय’ म्हणून हाकलून देतं. तुमच्या पीसीच्या होस्ट्स फाइलीत तेच नाव लिहा. सर्टिफिकेट स्वतःच बनवलेलं असल्यानं ब्राउझर कुरकुर करेल, आतल्या नेटवर्कपुरतं चालू द्या. हे पान बाहेरच्या इंटरनेटवर मात्र कधीही उघडू नका.

पासवर्ड लॉगमध्ये शोधत बसू नका. सेट-सिंगल-युजर-क्रेडेन्शियल्स ही कमांड आहे, किमान १२ अक्षरं लागतात.

फोल्डर /होममध्ये ठेवलंय का? मग सर्व्हिस बनवताना सेलिनक्स (लिनक्सचा सुरक्षेचा पहारेकरी) अडवेल आणि तुम्ही सेलिनक्सच बंद करून टाकाल, सगळे तेच करतात. /ऑप्टमध्ये हलवा, नायफायसाठी वेगळा युजर करा, उघड्या फाइलींची मर्यादा ५०,००० करा.

आता डिस्क. तुम्ही वर सीसीटीव्हीचं लिहिलंय ते मी विसरलो नाही. नायफाय तीन जागी सतत लिहीत असतं: फ्लोफाइल, कंटेंट आणि प्रॉव्हेनन्स. कंटेंटच्या जुन्या प्रती ते जपून ठेवतं, पण त्या डिस्कचा वापर ५० टक्क्यांच्या वर गेला की त्या काढायला लागतं. हे ५० टक्के *संपूर्ण पार्टिशनचे* असतात, कोणी का भरलेलं असेना. तुमचं फुटेज ६० टक्क्यांवर गेलं की नायफाय स्वतःचं सगळं पुसूनही खाली येऊ शकत नाही, आणि मग लिहिणंच थांबवतं. लॉगमध्ये ‘वेटिंग फॉर आर्काइव्ह क्लीनअप’ अशी ओळ येत राहते, सीपीयू निवांत, रॅम निवांत, आणि काम शून्य. लोक रॅम वाढवतात! २५० जीबीच्या दोन एसएसडी घ्या, मिरर करा, नायफाय फक्त तिथे. एवढाच खर्च मालकाकडून मंजूर करून घ्या.

पायथनप्रेमी
हे मला माहीत नव्हतं. आमच्या एका क्लायंटचा फ्लो याच्यामुळेच अडकत असणार, उद्याच बघतो.

बुटीबोरीकर
पान उघडलं! एसएसडीला मालक हो म्हणाले, ६४ जीबीच्या कोटेशनपुढे त्यांना ते स्वस्तच वाटलं. पहिला महिना काट्यावरून टॅलीपर्यंतच करतो, सोबत हातानं टायपिंगही चालू ठेवतो. ई-इन्व्हॉइस नंतर, जीएसपीकडूनच.

एक शेवटचं, बॅकअप कशाकशाचा घ्यायचा?

सर्व्हरमामा
कॉन्फ फोल्डर पूर्ण. त्यातच फ्लो.जेसन.जीझेड असतं, म्हणजे तुमचं सगळं डिझाइन. आणि नायफाय.प्रॉपर्टीजमधली सेन्सिटिव्ह प्रॉप्स की ही ओळ वेगळी लिहून मालकाच्या तिजोरीत ठेवा. ती हरवली तर फ्लो परत येतो, पण आतले डेटाबेसचे, जीएसपीचे सगळे पासवर्ड उलगडत नाहीत, पुन्हा एकेक टाकावे लागतात. काट्याच्या पीसीवरच्या एक्सप्रेसचा बॅकअपही तुम्हालाच लावावा लागेल. त्यात एसक्यूएल एजंट नसतो, तेव्हा टास्क शेड्यूलरमधून रोज रात्री.

लेजरताई
आणि टॅलीचाही घ्या हो!